वर्म्स, क्वेर्सेटिन आणि कंट्रोल्स: रिसर्च मास्टर्सच्या प्रकल्प नोंदी

११ ऑगस्ट

टॉपिक फायनल व्हायच्या आधीच ही वही सुरू करतेय. लॅब नोटबुक वेगळी, ती ठेवावीच लागते, त्यात काय केलं ते जातं, किती मिलिलिटर, कुठला बॅच, कुठली प्लेट. इथे का केलं ते लिहायचं. सीनियरचा सल्ला आहे, ती म्हणते थीसिस लिहायला बसलीस की "काय" नोटबुकमध्ये सापडतं, "का" मात्र कुठेच सापडत नाही.

गाइड ठरली, टॉपिक नाही. बरेच जण उलटं करतात, आधी भारी टॉपिक शोधतात आणि मग तो कोण घेईल ते बघत फिरतात. मला वाटतं रिसर्च मास्टर्समध्ये टॉपिक पहिल्या काही महिन्यांत हमखास बदलतो, गाइड मात्र शेवटपर्यंत तीच राहते. मी मॅडमच्या आधीच्या विद्यार्थ्यांना दोनच गोष्टी विचारल्या: ड्राफ्ट दिला की कधी परत येतो, आणि एक्सपरिमेंट फसला तर मीटिंगमध्ये काय होतं. दुसऱ्याचं उत्तर आलं, "प्रोटोकॉल उघडून सोबत बसतात." तिथेच ठरवून टाकलं.

२० ऑगस्ट

लॅब वर्म्सची आहे. सी. एलेगन्स, जेमतेम एक मिलिमीटरचा पारदर्शक गोलकृमी. आमचा वाइल्ड टाइप एन२, म्हणजे १९५१ मध्ये ब्रिस्टलजवळ मशरूमच्या कंपोस्टमधून काढलेल्या वर्म्सचा वंश. सिडनी ब्रेनरने १९७४ च्या पेपरमध्ये याच्यावर जेनेटिक्स कसं करायचं ते दाखवलं आणि मग सगळं जग याच्या मागे लागलं. प्रौढ हर्माफ्रोडाइटमध्ये (अंडी आणि शुक्राणू दोन्ही स्वतःच बनवणारा वर्म) ९५९ सोमॅटिक पेशी, म्हणजे प्रजननाच्या सोडून बाकीच्या, त्यातले ३०२ न्यूरॉन, ही माहिती प्रत्येक प्रेझेंटेशनच्या पहिल्या स्लाइडवर असते, माझ्याही असणार.

पण मास्टर्सवाल्यांच्या दृष्टीने खरी सोय वेगळीच आहे. २० अंशांना अंड्यापासून प्रौढ व्हायला तीन-साडेतीन दिवस, आणि सगळं आयुष्य दोन-तीन आठवड्यांचं. उंदरांवर एजिंगचं काम करायचं तर तोच दोन-तीन वर्षं जगतो, तोवर माझी डिग्री संपलेली असेल.

सध्या पिकिंग शिकतेय. प्लॅटिनमची बारीक तार, टोक चपटं केलेलं, त्याला ओपी५० चा थोडा चिकट लगदा लावायचा आणि वर्मवर वरून अलगद टेकवायचं, तो चिकटून वर येतो. ओपी५० म्हणजे त्यांचं खाणं, ई. कोलायचाच एक स्ट्रेन, युरेसिल स्वतः बनवू शकत नाही म्हणून प्लेटवर दाट वाढत नाही आणि पातळ थरातून वर्म्स नीट दिसतात. तार जरा जोरात टेकली तर अगार फाटतो आणि फाटलेल्या जागेतून वर्म्स आत शिरतात, मग मोजताना सापडत नाहीत. सीनियर बोलत बोलत एका मिनिटात डझनभर उचलते. मी श्वास रोखून एक.

५ सप्टेंबर

प्रपोजलचा पहिला ड्राफ्ट दिला होता, तीन एम्स (उद्दिष्टं) होते. मॅडमनी दोन खोडले. वाईट वाटलं खरं, पण त्यांनी शेजारी हिशोब लिहून दिला होता तो बघितल्यावर वाद घालायला काही उरलं नाही. एक लाइफस्पॅन रन म्हणजे वर्म्स सिंक्रोनाइज (सगळे एकाच वयाचे) करण्यापासून शेवटचा मरेपर्यंत महिना-सव्वा महिना. तीन स्वतंत्र रिपीट्स हवेत. पायलट वेगळा. लिहायला निदान तीन महिने. सबमिशनच्या तारखेपासून मागे मोजत आलं की हातात एकाच प्रश्नापुरता वेळ उरतो, तोही काही बिघडलं नाही तर. ज्यांना कोणाला रिसर्च मास्टर्स करायचंय त्यांनी आवडीच्या टॉपिकचा नंतर विचार करावा, आधी त्या प्रयोगाचा एक फेरा किती दिवसांचा ते विचारावं.

उरलेला प्रश्न असा. क्वेर्सेटिन हे वनस्पतींमधलं फ्लॅव्होनॉइड, ते दिल्यावर सी. एलेगन्स जास्त जगतो असे पेपर आहेत. पण वर्म ते बॅक्टेरियासकट खातो. २०१३ मध्ये मेटफॉर्मिन या डायबेटिसच्या औषधावर एक पेपर आला होता, त्यात दिसलं की मेटफॉर्मिन वर्म्सचं आयुष्य वाढवतं ते बरंचसं बॅक्टेरियाच्या फोलेट आणि मेथिओनिनच्या मेटाबॉलिझममध्ये लुडबुड करून. म्हणजे आपण समजतो औषध वर्मला दिलं, आणि लागू पडलेलं असतं त्याच्या जेवणाला. मग क्वेर्सेटिनचं काय? जिवंत बॅक्टेरिया आणि मेलेले बॅक्टेरिया, दोन्हीवर क्वेर्सेटिन देऊन बघायचं. फरक फक्त जिवंत बॅक्टेरियावरच दिसला तर संशय बॅक्टेरियावर.

कागदावर चार ग्रुप. मॅडमनी विचारलं, "कंट्रोल कशाचा?", म्हणजे तुलना कशाशी करणार. मी म्हटलं क्वेर्सेटिन नसलेल्या प्लेट्सचा. त्यावर त्या नुसत्या हसल्या आणि म्हणाल्या पुढच्या लॅब मीटिंगला सांग.

१२ सप्टेंबर

हसण्याचं कारण कळलं. क्वेर्सेटिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, डीएमएसओ या सॉल्व्हंटमध्ये (विद्रावकात) विरघळवून घालावं लागतं. आणि डीएमएसओ स्वतःच वर्म्सचं आयुष्य वाढवू शकतं, त्यावर पेपर आहेत, साधारण अर्धा ते दोन टक्के कॉन्सन्ट्रेशनला. म्हणजे साध्या प्लेट्सशी तुलना केली तर जो फरक येईल तो क्वेर्सेटिनचा की सॉल्व्हंटचा हे कोणालाच सांगता येणार नाही. त्यामुळे डीएमएसओ कंट्रोल हवाच, आणि साधा कंट्रोलही हवा, नाहीतर डीएमएसओने काय केलं ते कळणार नाही. चार ग्रुपचे सहा झाले. डीएमएसओ ०.१ टक्क्यावर ठेवायचं ठरलं, म्हणजे स्टॉक जास्त स्ट्राँग करावा लागेल.

सहा ग्रुप, प्रत्येकी निदान शंभर वर्म्स, रोज मोजणी. माझ्या वीकेंड्सचं काय होणार ते दिसतंय.

३० सप्टेंबर

कोर्सवर्कची परीक्षा झाली. बायोस्टॅट सोडून बाकीचं इथे लिहिण्यासारखं नाही.

९ ऑक्टोबर

बॅक्टेरिया मारणं वाटतं तितकं सोपं नाही. उष्णतेने मारले तर पोषण घटतं, वर्म्सची वाढ रखडते, म्हणजे मग क्वेर्सेटिनचा परिणाम बघतोय की उपासमारीचा ते कळत नाही. म्हणून यूव्ही. प्लेटवर कॉन्सन्ट्रेट केलेले बॅक्टेरिया पसरायचे (मेलेले नंतर वाढणार नाहीत, जेवढं घातलं तेवढंच खाणं) आणि यूव्ही द्यायचा. नंतर लूपने थोडं खरवडून एलबी प्लेटवर (बॅक्टेरिया वाढवायचं नेहमीचं माध्यम) रेघाटायचं आणि रात्रभर ३७ अंशांना ठेवायचं. सकाळी एकही कॉलनी नको. आज कडेला दोन-चार कॉलन्या दिसल्या, थर जाड असला की खालचे वाचतात. थर पातळ करून आणि एक्स्पोजर वाढवून उद्या परत.

शिवाय वर्म्स लहानपणापासून मेलेल्या खाण्यावर वाढवायचे नाहीत. सगळे एल४ पर्यंत (प्रौढ होण्याआधीची शेवटची अळीची अवस्था) नेहमीच्या ओपी५० वर वाढणार आणि तिथून आपापल्या प्लेट्सवर जाणार. म्हणजे बालपण सगळ्यांचं सारखं, फरक फक्त प्रौढपणात. ही आयडिया सीनियरची, आणि मला वाटतं सगळ्या डिझाइनमधली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हीच आहे.

२१ ऑक्टोबर

पायलट सुरू. सिंक्रोनायझेशन पहिल्यांदा एकटीने केलं. अंडी भरलेल्या माद्या (हर्माफ्रोडाइट म्हणायला हवं, पण लॅबमध्ये कोणी म्हणत नाही) ट्यूबमध्ये घ्यायच्या, ब्लीच आणि सोडियम हायड्रॉक्साइड घालायचं आणि जोरात हलवत राहायचं. स्कोपखाली बघितलं तर आधी वर्म्स तडफडतात, मग मधोमध तुटतात, मग शरीरं विरघळत जातात आणि द्रावणात नुसती अंडी तरंगत राहतात, कवच असतं म्हणून वाचतात. इथे नजर हटवायची नाही, जास्त वेळ गेला तर अंडीही गेली. लगेच एम९ बफरने (क्षारांचं द्रावण) धुवायचं, परत धुवायचं, आणि रात्रभर हळू फिरत ठेवायचं. अंड्यातून बाहेर पडलेले एल१ (अळीची पहिली अवस्था) खायला काही नसल्यामुळे तिथेच थांबतात. सकाळी सगळे एकाच वयाचे. मग खाणं दिलं की शर्यत एकदम सुरू.

एका वर्मला तीनशेच्या आसपास पिल्लं होतात, ती प्लेटवर राहिली तर आई कुठली आणि लेक कुठली हे चार दिवसांत कळेनासं होतं. उपाय दोन: एफयूडीआर नावाचं रसायन घालून पिल्लं होऊच द्यायची नाहीत, किंवा अंडी घालण्याच्या दिवसांत रोज आईला नव्या प्लेटवर न्यायचं. एफयूडीआरने माझं काम निम्मं झालं असतं. पण ते डीएनए बनणं रोखतं, बॅक्टेरियावरही परिणाम करतं, काही म्युटंट्सचं तर आयुष्यच बदलतं, आणि माझा सगळा प्रश्नच बॅक्टेरियाबद्दल आहे. त्यामुळे हाताने ट्रान्सफर. मॅडमनी निर्णय माझ्यावर सोडला होता, मी हे सांगितल्यावर फक्त "मग बेंच बुक करून ठेव" म्हणाल्या.

१४ नोव्हेंबर

पायलटमध्ये गडबड आहे आणि ती क्वेर्सेटिनमध्ये नाही, साध्या कंट्रोलमध्ये आहे. एन२ ने २० अंशांना जितकं जगायला हवं त्यापेक्षा काही प्लेट्स बऱ्याच लवकर संपतायत, काही बरोबर चालल्यात. एकाच ग्रुपच्या प्लेट्समध्ये एवढा फरक का ते दोन दिवस कळेना. मग प्लेट्स कुठल्या कप्प्यात होत्या ते नोटबुकमधून काढलं. लवकर मरणाऱ्या सगळ्या वरच्या कप्प्यातल्या.

इनक्युबेटरच्या डिस्प्लेवर २०.० असतं, पण डिस्प्ले सेन्सरजवळचं तापमान सांगतो. छोटे डेटा लॉगर मागून आणले, प्रत्येक कप्प्यात एक ठेवला. खाली २० च्या आसपास, वर २२ ला टेकलेलं, आणि दार वारंवार उघडलं की आणखी वर. इनक्युबेटर सगळ्यांचा आहे, दार दिवसभर उघडतंच. वर्म थंड रक्ताचा, तापमान वाढलं की सगळं आयुष्यच भरभर उरकतं. २५ ला १५ पेक्षा कितीतरी कमी जगतो. दोन अंश ऐकायला किरकोळ वाटतात, पण माझा अपेक्षित फरकच दहा-पंधरा टक्क्यांचा आहे, तो यात सहज बुडून जाईल.

ठरवलं: वरचा कप्पा बंद. बाकी कप्प्यांमध्ये सहाही ग्रुप मिसळून, आणि रोज मोजणीनंतर ट्रे फिरवायचे. लॉगर कायम आत.

हे मीटिंगमध्ये सांगितल्यावर मॅडमनी २०१७ मधली गोष्ट सांगितली. तीन लॅब्स मिळून वर्म्सचं आयुष्य वाढवणारी कंपाउंड्स तपासत होत्या, प्रोटोकॉल एकच, तरी सुरुवातीला आकडे जुळेनात. खोदत गेल्यावर काय काय निघालं, तर एक लॅब वय अंडं घातल्यापासून मोजत होती आणि दुसरी अंडं फुटल्यापासून. मी लगेच माझ्या प्रोटोकॉलच्या वर ठळक लिहिलं: दिवस शून्य म्हणजे एल४ प्लेटवर ठेवला तो दिवस.

२८ नोव्हेंबर

बुरशी. तीन प्लेट्स गेल्या. पुढे.

१० डिसेंबर

कमिटीसमोर प्रपोजल. वीस मिनिटं बोलले, त्यातला अर्धा वेळ तापमानावर गेला आणि गंमत म्हणजे त्यांना तेच सगळ्यात आवडलं. एका मेंबरने मात्र एन वर (नमुन्यांच्या संख्येवर) पकडलं. मी लिहिलं होतं प्रत्येक ग्रुपमध्ये शंभर वर्म्स, एन बरोबर शंभर. ते म्हणाले, "एका प्लेटवर तीस वर्म्स आहेत, प्लेटला बुरशी लागली तर एक मरेल की तीस?" म्हणजे एका प्लेटवरचे वर्म्स एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत, खाणं तेच, ओलावा तोच, कप्पा तोच. याला स्यूडोरेप्लिकेशन म्हणतात, हर्लबर्टचा १९८४ चा पेपर आहे, तो इकॉलॉजीवाल्यांसाठी लिहिलेला पण आमच्यासारख्या बेंचवाल्यांनीच जास्त वाचायला हवा असं आता वाटतं. तर प्लेट्स वाढवायच्या, प्लेटमागे वर्म्स कमी करायचे, आणि अ‍ॅनालिसिसमध्ये प्लेटला रँडम इफेक्ट म्हणून घ्यायचं, म्हणजे प्लेट-प्लेटमधला फरक हिशोबात धरला जातो.

पास झालं, सुधारणांसह.

६ जानेवारी

मेन रनच्या आधी ब्लाइंडिंगचा (मोजणाऱ्याला ग्रुप कळू न देण्याचा) प्रश्न. वर्म मेला की नाही हे शेवटी माणूस ठरवतो: तारेने डोक्याजवळ हलकेच टोचायचं, हलला नाही तर परत टोचायचं, तरी नाही तर मृत. पण म्हातारे वर्म्स एवढे मंद होतात की डोकं केसभर हलतं आणि थांबतं, आणि ते हलणं होतं की माझ्या हाताचा धक्का यात मत चालतं. जिथे मत चालतं तिथे आपल्याला काय हवंय ते हळूच आत शिरतं. म्हणून प्लेटवर कोड असायला हवा, ग्रुपचं नाव नाही. सीनियरने कोड टाकून दिले, यादी तिच्याकडे.

पण क्वेर्सेटिन पिवळं असतं ना. कोड काहीही असो, प्लेट हातात घेतली की कळतंच.

बराच वेळ डोकं खाजवलं. खाण्याचा रंग घालून सगळ्या प्लेट्स पिवळ्या करायच्या असं एकाने सुचवलं, पण मग त्या रंगाचा कंट्रोल कुठून आणायचा. शेवटी सोपं निघालं: पिवळा पदार्थ निळा प्रकाश शोषतो, लाल जाऊ देतो. स्कोपच्या दिव्यावर लाल फिल्टर टाकला आणि खोलीतला लाइट बंद केला तर पिवळी आणि साधी प्लेट सारखीच दिसते. प्लेट्स ट्रेमधून काढून स्कोपखाली ठेवायचं काम शेजारच्या बेंचवरचा ज्युनियर करतो, मी फक्त आयपीसमधून बघते आणि आकडा सांगते. तपासून बघितलं, मला कुठली कुठली ते खरंच ओळखता आलं नाही.

१७ जानेवारी

रन एक चालू. रोज तेच. जिवंत, मृत, सेन्सॉर्ड. सेन्सॉर्ड म्हणजे ज्यांचं मरण आपल्या हिशोबात धरता येत नाही असे: भिंतीवर चढून वाळलेले, अगारमध्ये घुसलेले, ज्यांचं आतडं व्हल्व्हातून बाहेर आलं, आणि ज्यांच्या पोटातच अंडी फुटून पिल्लं आईला आतून खातात ते. शेवटच्याला लॅबमध्ये बॅगिंग म्हणतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा जेवण गेलं नाही, आता नुसती बी ही खूण करते आणि पुढे जाते.

हे वर्म्स यादीतून काढून टाकायचे नाहीत, तो मोह होतो. अमुक दिवसापर्यंत जिवंत होता एवढी माहिती त्यांच्याकडून मिळते आणि कॅप्लान-मायर कर्व्ह (कुठल्या दिवशी किती टक्के जिवंत ते दाखवणारी रेघ) ती वापरून घेतो. शिवाय कुठल्या ग्रुपमध्ये जास्त सेन्सॉर झाले हीसुद्धा एक बातमी असते; क्वेर्सेटिनच्या प्लेट्सवरून जास्त वर्म्स पळून भिंतीवर जात असतील तर कदाचित त्यांना ते आवडत नसेल.

२३ फेब्रुवारी

रन एक संपला, दोन निम्म्यावर, तीनचे एल१ आज खाण्यावर टाकले. मधल्या वेळात मेथड्स चॅप्टर लिहून टाकला. सगळे सांगतात इंट्रोडक्शनपासून सुरू कर, मी म्हणेन मेथड्सपासून, कारण ते आत्ता हातात आहे आणि त्यात विचार करायला फारसं काही नसतं, पानं मात्र भरतात आणि थीसिस नावाची फाइल रिकामी राहत नाही. त्याने बराच फरक पडतो.

बॅक्टेरियाचा ग्रोथ कर्व्हही केला. माझ्या कॉन्सन्ट्रेशनला ओपी५० ची वाढ थांबत नाही, साध्या आणि डीएमएसओच्या रेघांवरच बसते. म्हणजे क्वेर्सेटिन बॅक्टेरियाला मारतं ही शक्यता बाद. ते बॅक्टेरियाच्या आत काय करतं हा प्रश्न शिल्लक, पण तो मास्टर्सचा नाही, मॅडमनी बोट दाखवून सांगितलं, "हे फ्यूचर वर्कमध्ये."

२ एप्रिल

कोड उघडले. आर या स्टॅटिस्टिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं आधीच लिहून ठेवलं होतं, नुसती ग्रुपची नावं जोडली आणि रन केलं.

जिवंत खाण्यावर क्वेर्सेटिनचा ग्रुप साध्या कंट्रोलपेक्षा थोडा जास्त जगला. एवढंच बघितलं असतं तर "वाढतं" असं लिहून मोकळी झाले असते. पण डीएमएसओचा कर्व्ह बऱ्याच अंतरापर्यंत क्वेर्सेटिनला चिकटून चाललाय, ०.१ टक्क्यालाही. प्लेट रँडम इफेक्ट घेतल्यावर दोघांतला फरक तीनपैकी एकाच रनमध्ये टिकतो. सहा ग्रुपपैकी मेलेल्या खाण्यावरचे तिन्ही साध्या जिवंत खाण्यापेक्षा जास्त जगले, ते अपेक्षित होतं, म्हाताऱ्या वर्म्सच्या आत जिवंत बॅक्टेरिया साचून वाढतात आणि त्यानेही ते मरतात हे आधीपासून माहीत आहे. पण त्या तिघांमध्ये आपापसात काही फरक नाही.

म्हणजे मी जो प्रश्न घेऊन निघाले तो विचारायला जेवढा इफेक्ट लागतो तेवढा इफेक्टच माझ्या प्लेट्सवर नाही. संध्याकाळपर्यंत चिडचिड होत होती. सीनियर म्हणाली निगेटिव्ह म्हणू नकोस, निगेटिव्ह म्हणायलाही पॉवर (छोटा फरकही पकडता येईल एवढा डेटा) लागते, "आमच्या परिस्थितीत सॉल्व्हंटपासून वेगळा करता आला नाही" असं म्हण. मॅडमना ग्राफ दाखवला तर त्या पहिल्यांदा डीएमएसओच्या रेघेवरच थांबल्या आणि म्हणाल्या डिस्कशन इथून सुरू होऊ दे.

२० मे

लिहिणं. रिझल्ट्स लहान झाला, डिस्कशन मोठं. जुने पेपर परत वाचताना आता आधी मेथड्स उघडते: डीएमएसओ किती टक्के, कंट्रोल सॉल्व्हंटचा की साधा, एफयूडीआर होतं का, मोजणारा ब्लाइंड होता का. तापमान बहुतेक ठिकाणी "२० अंश" एवढंच असतं, ते कुठे मोजलं ते लिहिलेलं सापडत नाही. माझ्या थीसिसमध्ये लॉगरचा सगळा ग्राफ अपेंडिक्सला जातोय, कप्प्यानिशी.

पीएचडीचं सगळे विचारतात. मास्टर्स तिथेच पीएचडीत बदलायचा पर्याय आहे. मी नको म्हटलंय. काम आवडलं नाही असं नाही, पण याच प्रश्नावर आणखी चार वर्षं घालवण्याइतका तो मोठा नाही हे आता मला माहीत आहे, आणि डिग्री बदलली की प्रश्न बदलायची मोकळीक कमी होते. आधी हे पूर्ण करून बाहेर पडायचं, मग बघू.

२७ जून

व्हायवा झाला. एक्स्टर्नलनी सुरुवातच केली, "तुमचा मुख्य रिझल्ट एका वाक्यात." मी सांगितलं की क्वेर्सेटिनमुळे दिसणारी वाढ आमच्याकडे डीएमएसओच्या वाढीपासून खात्रीने वेगळी करता आली नाही. ते म्हणाले मग टायटलमध्ये क्वेर्सेटिन आधी आणि सॉल्व्हंट कुठेच नाही, असं का? बरोबर होतं. मग लाल फिल्टरवर बरंच बोलणं झालं, एफयूडीआर का नाही यावर त्याहून जास्त, आणि सेन्सॉर झालेल्यांचा ग्रुपवार तक्ता मागितला. तो माझ्याकडे होता (भिंतीवर पळणारे सगळीकडे सारखेच निघाले, माझी थिअरी गेली).

करेक्शन्स तीन. टायटल बदलायचं. आकृत्यांखाली एन लिहिताना प्लेट्स आणि वर्म्स वेगवेगळे द्यायचे. डीएमएसओ ०.१ टक्केच का याला मेथड्समध्ये एक परिच्छेद. पहिली दोन आज झाली, तिसऱ्यासाठी १२ सप्टेंबरची नोंद उघडून बसलेय. सोमवारी अपलोड.